पंधरावी प्रतिनिधी

"पांढुर्णा अन सौंसर, दोन्ही तालुक्यात मले माहीत नाही असं एक घर दाखवा. दाखवलं तर ह्याच कपात मिशी बुडवतो."

सोमवारी सकाळी स्टँडवरच्या चहाच्या ठेल्यावर मोरेश्वर खोडे असं म्हणाले. अडतीस वर्षं पोस्टमनकी करून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क आहे. दहा मिनिटांनी त्यांना कॉलेजातून फोन आला, एक पत्ता शोधायचा होता. दुपारी एक वाजता ते लोधीखेड्यात, जिनिंगच्या मागे उभे होते. दिलेल्या पत्त्यावर घर नव्हतं, सरकीचा ढीग होता. एक बकरी ती सरकी खाऊन राहिली होती.

"घागरे?" जिनिंगचा चौकीदार म्हणाला. "काका, इथं घागरे नावाचं कोणी कधी नव्हतं. बकरी मात्र रोजची आहे."

मोरेश्वर बस धरून परत पांढुर्ण्याला आले. मिशीचं कोणी काही बोललं नाही, कारण ठेल्यावरचे लोक घरी जेवायला गेले होते.

कॉलेजचे प्राचार्य दुबे साहेब त्यांची वाट पाहत बसले होते. बावीस वर्षांत साहेब मराठी शिकले होते, पण घाबरले की हिंदीत घसरायचे.

"मिली क्या?"

"सरकी मिळाली. साहेब, आता पहिल्यापासून सांगा. फोनवर तुम्ही फक्त लडकी गायब, लडकी गायब करत होते."

साहेबांनी सांगितलं. कितीतरी वर्षांनी कॉलेजात विद्यार्थ्यांची निवडणूक आली होती. नियम वरून आला होता. वर्गात जो पहिला, तोच त्या वर्गाचा प्रतिनिधी. पंधरा वर्ग, पंधरा प्रतिनिधी. ह्या पंधरांनी आपल्यातून एक जण निवडायचा अन त्यानं विद्यापीठाच्या विद्या परिषदेत जाऊन बसायचं. पांढुर्ण्याचा चेतन उभा राहिला. सौंसरचा अंकुर उभा राहिला. मतदानाला चौदा जण आले. सात-सात मतं पडली. चार वेळा मतदान झालं, चारही वेळा सात-सात. पाचव्या वेळी मागून कोणीतरी म्हणालं, जी आलीच नाही तिलेच करा ना. गैरहजर माणसाशी कोणाचं भांडण नसते. चौदाच्या चौदा मतं तिला पडली.

बीए दुसरं वर्ष, मराठी. कुमारी उर्वशी केशवराव घागरे.

"शनिवारी शपथविधी होता. ती आली नाही," साहेब म्हणाले. "हार टेबलावरच सुकला. आता अंकुरचे पोरं म्हणतात चेतनने उठवली. चेतनचे म्हणतात अंकुरने. गुरुवारी चारपर्यंत मुलगी दिसली नाही तर दोघं पण ठाण्यात रिपोर्ट देणार. अपहरण का केस! माझ्या कॉलेजात!"

"अन बैठक कधी?"

"शुक्रवारी, अकराला." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "विषय क्रमांक सात."

मोरेश्वरांनी वाचलं. दहापेक्षा कमी विद्यार्थी असले की विषय बंद, हा नियम जुना होता. आता दहाचे पंधरा करायचा ठराव होता. कॉलेजचा प्रतिनिधी हजर राहून विरोधात बोलला तर विषय एक वर्ष वाचणार होता.

"आपल्या मराठीत किती पोरं आहेत?"

"दहा. बराबर दहा."

त्या दहांत एक मोरेश्वरांची नात होती. अपर्णा. तिच्या बापानं, म्हणजे मोरेश्वरांच्याच पोरानं, सांगून ठेवलं होतं की इथला विषय बंद पडला तर नागपूर-बिगपूर काही नाही, घरी बसायचं. मोरेश्वरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांना वाटलं, आता आपल्याला काळजी वाटायला पाहिजे. थोडा वेळ वाट पाहिली. नाही वाटली. मग ते उठले.

मोठे बाबू गुणवंता यांनी उर्वशीची फाईल काढून दिली. फाईल जाड होती. आधारकार्डाच्या जागी लिहिलं होतं, प्रलंबित. वडिलांच्या सहीच्या जागी, प्रलंबित. टीसीच्या जागीही तेच.

"गुणवंता, दोन वर्षं झाले. अजून प्रलंबितच?"

"प्रलंबित म्हणजे येणारच आहे असं असते काका. रिकामं असतं तर मी अर्ज घेतलाच नसता. म्या कधी नियम मोडला नाही."

"मुलीला कधी पाहिलं?"

"मी कागद पाहतो. माणसं पाहायला चपरासी आहे."

फोटो पासपोर्ट साईजचा होता. दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी. मोरेश्वरांनी नखानं कोपरा उचलला. मागे शिक्का होता, मनोहर फोटो स्टुडिओ.

"हा स्टुडिओ आता कुठी आहे?"

"कुठीच नाही. तिथं मोबाईलचं दुकान झालं. माझ्या लग्नाच्या आधीच बंद पडला तो." गुणवंताच्या मोठ्या पोरीचं लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं होतं.

फाईलमध्ये एक उत्तरपुस्तिकाही होती. पहिली आलेली म्हणून नमुना जपून ठेवला होता. शंभरपैकी त्र्याऐंशी. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. अन प्रत्येक पानावर उजवीकडे दोन बोटं जागा रिकामी सोडलेली.

"हे काऊन सोडलं असेल?"

"तपासणाऱ्याला गुण मांडायला सोपं जावं म्हणून," गुणवंता कौतुकानं म्हणाले. "अशी समजदार पोरगी मी नोकरीत पाहिली नाही."

"तुम्ही हिलेही नाही पाहिली."

"तेही खरंच."

मंगळवारी मोरेश्वरांनी चेतनला कँटीनमध्ये गाठलं. चेतनच्या कपाळावर गोटमारीतल्या दगडाची जुनी खूण होती. ती तो प्रचारात वापरायचा.

"उर्वशीला ओळखतो का रे?"

"काका, काय विचारून राहिले! ती मले भावासारखीच मानते."

"दिसायला कशी आहे?"

"उंच. गोरी. चष्मा."

"कुठं भेटली?"

"लायब्ररीत. म्हणजे... ती आत होती, मी बाहेर होतो."

अंकुर सौंसरच्या बसमधून उतरताच सापडला.

"उर्वशी? आपल्याच बाजूची आहे काका. लोधीखेडा म्हणजे सौंसरच. माझा जाहीरनामा तिनंच तपासून दिला."

"दिसते कशी?"

"बुटकी. सावळी. चष्मा नाही, बिलकूल नाही."

"चेतन तर म्हणते उंच."

अंकुरनं थोडा विचार केला. "तो सहाव्या मजल्यावरून पडला तरी खरं बोलणार नाही."

"पांढुर्ण्यात सहावा मजला कुठी आहे?"

"म्हणूनच तर पडत नाही."

संध्याकाळी मोरेश्वर अंगणात बसले. अपर्णा तुरी निवडत होती.

"अपर्णे, ही उर्वशी तुझ्याच वर्गात आहे. तू तरी तिला पाहिलं असशील."

"नाही आबा. आम्ही नऊ जणं येतो. मॅडम सांगतात ती आजारी असते, घरून अभ्यास करते. तिच्या वह्या मात्र वाचून दाखवतात. लय भारी लिहिते बाप्पा! मी दुसरी आली ते तिच्याचमुळं."

"परीक्षेला आली होती ना?"

"आली असंल. आमचे नंबर वेगवेगळ्या खोल्यांत होते. मराठीवाले आम्ही तिघंच सात नंबरमध्ये होतो. नलिनी मॅडमच होत्या तिथं सुपरविजनला. आबा, मॅडमचं काही लक्षच नव्हतं. तीन तास मान खाली घालून लिहूनच राहिल्या होत्या. आम्ही पुस्तकं उघडली असती तरी कळलं नसतं."

"उघडली का?"

"नाही ना. पेपर सोपा होता." तिनं सूप खाली ठेवलं. "आबा, ती सापडली नाही तर माझं काय?"

मोरेश्वरांनी तुरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "सापडली तरी काय, ते मी पाहून राहिलो," ते म्हणाले.

बुधवारी ते मराठी विभागात गेले. विभाग म्हणजे एक खोली, एक कपाट अन नलिनी मॅडम. सव्वीस वर्षांपूर्वी मॅडमच्या नेमणुकीचं रजिस्ट्रीचं पाकीट मोरेश्वरांनीच दिलं होतं. तेव्हा दोन पेढे मिळाले होते.

"मॅडम, हजेरी पाहू का?"

"पाहा ना काका."

उर्वशी रोज हजर होती. बाकी नऊ जणांची नावं कुठं हजर, कुठं गैरहजर, जशी माणसांची असतात तशी. उर्वशीच्या ओळीत मात्र महिनाभराच्या खुणा एका झुकावाच्या, एका शाईच्या होत्या. मोरेश्वर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापाशी थांबले. गोटमारीचा दिवस. त्या दिवशी अख्खं गाव नदीवर एकमेकांवर दगडं फेकायला असते अन कॉलेजला कुलूप. सगळ्यांची चौकट कोरी होती. उर्वशी हजर होती.

"ती आजारी असते असं तुम्ही पोरांना सांगता. अन इथं रोज हजर?"

"मनानं हजर असते," नलिनी मॅडम म्हणाल्या.

"मुलगी कशी आहे?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "हुशार आहे," त्या म्हणाल्या. अन त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला.

गुरुवारी तीन वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. दुबे साहेब, गुणवंता, नलिनी मॅडम, चेतन अन अंकुर. दोघा पोरांच्या हातात रिपोर्टचे अर्ज तयार होते. अपर्णा दाराशी उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही.

"काका, मुलगी कुठी आहे?" अंकुर म्हणाला.

"बस. सांगतो." मोरेश्वर पाणी प्याले. "पत्ता खोटा निघाला. पत्ता चुकू शकते. पण लोधीखेड्यात घागरेच नाहीत. मग मी विचारलं, तिला पाहिलं कोणी? चेतननं पाहिलं तर उंच. अंकुरनं पाहिलं तर बुटकी. म्हणजे दोघांनीही पाहिलं नाही."

"मी दुरून..." चेतन म्हणाला.

"चूप बस. गुणवंतानं पाहिलं नाही. नऊ वर्गमित्रांनी पाहिलं नाही. तरी ती गोटमारीच्या दिवशी, कुलूप लावलेल्या कॉलेजात हजर आहे. कारण तिची हजेरी महिना सुरू होतानाच भरून टाकली जात होती. एका बैठकीत, एका पेनानं. सुट्टी कोणती ते पाहिलं नाही, एवढीच चूक."

दुबे साहेबांनी नलिनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाकडे पाहून राहिल्या होत्या.

"फोटो घ्या. मागे मनोहर स्टुडिओचा शिक्का. स्टुडिओ बंद होऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. एकोणीस वर्षांच्या पोरीनं जन्माच्या आधी फोटो काढला का? फोटो दुसऱ्या कोणाचा तरी आहे, अन तेव्हा ती वेण्यांना रिबिनी लावत होती. आता उत्तरपुस्तिका. उजवीकडे गुण मांडायला जागा. विद्यार्थी कधी तपासणाऱ्याची सोय पाहते? तपासणाराच पाहते. ज्यानं सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या पुस्तिका तपासल्या, त्याचा हात तेवढी जागा आपोआप सोडते. परीक्षेच्या दिवशी सात नंबर खोलीत सुपरविजनला बसून तीन तास कोण लिहत होतं?"

"मॅडम," दारातून अपर्णा म्हणाली. तिला बोलायचं नव्हतं. निघून गेलं.

"उर्वशी हरवली नाही साहेब. उर्वशी कधी नव्हतीच. ती नलिनी मॅडमनं बनवली."

गुणवंतानं विचारलं, चहा सांगू का. कोणी उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी सांगितला.

"काऊन मॅडम?" दुबे साहेब म्हणाले.

"नऊच अर्ज आले होते," नलिनी मॅडम म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं, हजेरी घेताना असतो तसा. "नियम दहाचा. एक नाव कमी. मी एक नाव लिहिलं. जुना फोटो घरी होता."

"पण पहिली कशाला आणली? खाली कुठी ठेवली असती तर प्रतिनिधी झाली नसती. कोणाला पत्ता लागला नसता."

"पास होण्यापुरतंच लिहायला बसले होते साहेब. पस्तीस-चाळीस गुणांचं. पण प्रश्न चांगले आले होते."

चहा आला. सगळ्यांनी घेतला.

चेतननं आपला अर्ज हळूच घडी घालून खिशात टाकला. अंकुरनंही टाकला. चौदा हुशार प्रतिनिधींनी एकमतानं निवडलेली मुलगी अस्तित्वात नाही, हे ठाण्यात सांगायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं. ह्या एका गोष्टीवर पांढुर्णा अन सौंसर पहिल्यांदा एक झाले.

"हे बाहेर गेलं तर मराठीत नऊ राहतात," मोरेश्वर म्हणाले. "जुन्या नियमानंच विषय बंद. नाही गेलं तर उद्या बैठकीत आपल्याकडून बोलायला कोणी नाही."

"मी जाते," अपर्णा म्हणाली. "दुसरी मीच आहे. मी बोलते."

"निवडून आलेल्याच्या बदल्यात दुसरा पाठवायची तरतूद नाही," गुणवंता म्हणाले. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडूनही दाखवलं. "फक्त रजेचा अर्ज देता येते. बैठक पुढं ढकलावी अशी विनंती करता येते."

मग तेच ठरलं. नलिनी मॅडमनी तिथंच अर्ज लिहिला. प्रकृती अस्वास्थ्यामुळे उपस्थित राहू शकत नाही, विषय क्रमांक सात पुढील बैठकीत घ्यावा. उजवीकडे दोन बोटं जागा सुटली. दुबे साहेबांनी शिक्का मारला अन गुणवंतानं अर्ज विद्यापीठाला मेल केला. अपर्णा कपबश्या गोळा करून निघून गेली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मोरेश्वर तिच्यामागे गेले.

बाराव्या दिवशी बैठकीचं कार्यवृत्त आलं. दुबे साहेबांनी मोरेश्वरांना बोलावून समोर ठेवलं. विद्यापीठात कार्यवृत्त बैठकीच्या आधीच छापून ठेवायची पद्धत होती, अन बैठकीनंतर ते कोणी वाचत नव्हतं.

विषय क्रमांक सात एकमतानं मंजूर झाला होता. मराठी पुढच्या सत्रापासून बंद. अनुमोदक म्हणून कुमारी उर्वशी केशवराव घागरे यांचं नाव होतं, अन खाली तिची सहीही होती.