बुंदीचं घड्याळ

डॉ. इरावती दळवीने कोल्हापूरच्या गंधविज्ञान प्रयोगशाळेत घरच्या कुत्रीचा, बुंदीचा, गंधपट्टा यंत्राला जोडला, तेव्हा बुंदी मरून महिना झाला होता. पाच वर्षं हा पट्टा तिच्या गळ्यात होता. नाकाजवळच्या हवेत कोणाचा वास किती आहे आणि ती घरात कुठे आहे, हे तो दर मिनिटाला टिपून ठेवी.

इरावतीला एक कोडं सोडवायचं होतं. तिचे वडील, दादा, सकाळी नऊला साखर कारखान्यावर जात आणि साडेसहाला परतत. त्याआधी पाच मिनिटं बुंदी दारात जाऊन बसे. दादा वारले, तरी पुढे दोन वर्षं ती तशीच बसत राहिली. अख्खी गल्ली तिच्या इमानाचे गोडवे गाई. पण कुत्रीला वेळ कळे कशी?

"हे बघा," सहकारी डॉ. फिरोज मुजावर पडद्यावरच्या उतरत्या रेषेवर बोट ठेवत म्हणाले. "हा दादांचा गंधठसा. ते घराबाहेर पडले की त्यांचा वास विरत जातो. ठरावीक पातळीला आला, की बुंदी उठते. वास हेच तिचं घड्याळ."

"म्हणजे त्याला रोज सकाळी चावी द्यायला हवी. मग दादा गेल्यावर ते चाललं कसं?"

फिरोजनी पुढचे दिवस काढले. रेषा उतरत उतरत तळाला टेकली होती. तेरा दिवस बुंदी दाराकडे फिरकलीच नव्हती. इरावतीला आठवलं, पाहुण्यांच्या त्या गर्दीत ती कॉटखाली पडून असे. चौदाव्या दिवशी सकाळी नऊला मात्र रेषा एकदम उभी चढली. पंधराव्या दिवशीही. मग रोज, बुंदी जाईपर्यंत.

"पण दादांचे कपडे तर आम्ही वाटून टाकले होते!"

"सगळे नसतील. नऊला घरी कोण असायचं?"

घरी फक्त आई असायची.

इरावती गावी घरी पोचली तेव्हा आई गवारीच्या शेंगा मोडत होती. लेकीचा प्रश्न ऐकून तिचे हात थांबले. मग ती उठली आणि कपाटामागून घट्ट झाकणाचा एक डबा घेऊन आली. आत दादांचा राखाडी स्वेटर होता.

"तू परत गेलीस, पाहुणे गेले. बुंदी दारात जायची बंदच झाली गं. साडेसहा वाजले, तरी घर आपलं गप्प. एकदा सहज हा अंगात घातला आणि पुन्हा ठेवून दिला, तर संध्याकाळी ही उठून दारात! मग रोजच घालत गेले."

"आई, पण ते येणार नाहीत हे तुला ठाऊक होतं."

"मला होतं. तिला कुठे होतं?"

इरावतीने स्वेटर नाकाशी धरला. नुसत्या लोकरीचा वास आला.

"दादांचा वास कधी गेला यातून?"

"मला तर दोनेक महिन्यांतच येईनासा झाला," आई म्हणाली. "तिला येत होता, इरा. ती दारात जाऊन बसली, की मला कळायचं, अजून आहेत."