उलटा हात

मखमल हातात आली की शिंपी आधी तिच्यावरून उलटा हात फिरवून बघतो. सुलट दिशेने फिरलेल्या हाताखाली तिची लव निमूट झोपते, रंग उजळतो. उलट हाताने ती उभी राहते आणि रंग काळवंडतो. कोटाची एकच बाही उलट्या लवेची कापली गेली, तर कोट दोन रंगांचा दिसतो. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मी खडूने लवेच्या दिशेचा बाण काढतो. माझा बाण कधी चुकला नव्हता.

मेहुण्याने झाड आणलं तेव्हा मी असाच एक निळा कोट कापत होतो. मेहुणा फुकट काही देतो म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच, हा माझा अनुभव. "जंगलातलं आहे, जपा," म्हणत त्याने कुंडी बायकोच्या मशीनशेजारी, खिडकीपाशी ठेवली. अळूच्याच जातीचं, पण पानं हातभर लांब, काळपट हिरवी, पांढऱ्या शिरांची. आणि पानांवर खरीखुरी मखमल. सवयीने मी उलटा हात फिरवला.

पानावर माझ्या चार बोटांचे काळे पट्टे उमटले.

"उलटा हात फिरवू नका," बायको म्हणाली. "त्याला आवडत नाही."

"त्याने सांगितलं वाटतं?"

ती हसली नाही. माझ्या फुटकळ विनोदांना हसणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

पट्टे गेले नाहीत. पुढे पुढे सगळीच पानं देठात वळली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बायको मऊ ब्रशने त्यांच्यावरची धूळ झाडत बसायची. मशीन बंद, काजं-बटणं तशीच पडलेली.

कोट जोडून टांगला आणि दोन पावलं मागे सरून पाहिला. डावी बाही काळी दिसत होती. उसवून पाहिली, बाण बरोबर होता. नवी बाही कापली, दोनदा तपासली, शिवली. सकाळी उजवी काळी.

"बाण चुकला तुमचा," बायको मान वर न करता म्हणाली.

कोट मी दहा वेळा शिवला असता. मला काळजी बायकोची वाटत होती, ती हातची जात होती.

"हे झाड आज बाहेर जाणार," मी म्हणालो.

"बघा बुवा," ती म्हणाली. सकाळी दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

कुंडी उचलली तशी सगळ्या पानांवरची लव एकदम उभी राहिली. झाड काळंठिक्कर पडलं. मी ते रस्त्यावर नेऊन कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकलं आणि गाडी वळेपर्यंत तिथेच थांबलो.

परत आलो. इस्त्रीचा ओळखीचा वास. बायको शांतपणे कापड घडी करत होती. मला इतकं बरं वाटलं की मी जवळ गेलो, समजूत काढावी म्हणून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला.

कातडी गार होती. मऊ होती.

माझ्या बोटांखाली ती काळवंडत गेली. चार पट्टे.

"उलटा हात नको, सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

फरशीवर कुंडीचा ओला गोल अजून तसाच होता. तिने खुर्ची ओढून बरोबर त्यावर ठेवली आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून बसली.