आजच्या तारखेला

माझा नवरा मला पहिल्यांदा दिसला तो कचेरीच्या खिडकीसमोर – घामाघूम, हेल्मेट काखेत… आणि मला नवरा आहे, हे मला त्याच सकाळी कळलं होतं!

सरकारच्या नव्या एआयनं घरोघरची कुटुंबं जुळवली होती. ओटीपीचा ताप नको म्हणून नवी पेठेत निम्मे लोक अर्जावर सेवा केंद्रवाल्या कल्लप्पाअण्णांचाच मोबाइल नंबर देतात. आम्हा दोघांचा नंबर एक, आडनाव बिराजदार, वयं लग्नाची. झालं, एआयनं आमचं लग्न लावून टाकलं आणि त्याचा पगार माझ्या घरच्या उत्पन्नात धरला. त्यामुळं माझा उत्पन्नाचा दाखला अडला. पाचच्या आत तो कॉलेजला दिला नाही, तर माझी नर्सिंगची जागा जाणार होती. बाबा साडीच्या दुकानात कामाला. ती जागा गेली तर पुढचं शिक्षणच संपलं. शेवटी अण्णांनीच फोन करून त्याला बोलावलं.

"श्रीदेवी ना? मी शिवपुत्र. जुळे सोलापूरला कामावर होतो… उशीर झाला."

"लग्नाला असं उशिरा येतात व्हय?" रडू येत होतं, तरी तोंडातून गेलंच.

तो हसला. भलत्या वेळी मला ते हसू आवडलं.

"आम्ही एका कुटुंबातले नाही, असं दोघांनी लिहून द्या," खिडकीतल्या राजश्रीताई म्हणाल्या. "लवकर! सर्व्हरचा भरवसा नाही."

मी झरझर लिहून सही केली. त्यानं पेन घेतलं… आणि थांबला.

"तुमचे बिराजदार कुठले?"

"अक्कलकोटचे. अहो, सही करा की!"

"आमचे मंगळवेढ्याचे. म्हणजे भावकी नाही—"

"पाच वाजत आले!"

"दोन शब्द वाढवू?" माझ्याकडं न बघताच त्यानं विचारलं. कान लालबुंद झाले होते. मी वाचलं – 'आजच्या तारखेला आम्ही एका कुटुंबातले नाही.'

छातीत धडधडायला लागलं. घड्याळामुळं की त्याच्यामुळं, देव जाणे.

राजश्रीताईंनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. "चालतंय. खोटं काही नाही यात."

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं… फिरतच राहिलं. दाखला आला. मी तो लगेच मोबाइलवरून कॉलेजला पाठवला. 'स्वीकारला' असं उमटलं, तेव्हा कळलं – माझा दुसरा हात त्याच्या मनगटावर होता.

मी तो पटकन काढून घेतला.

"रागावलात?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"लई!" मी मोबाइल त्याच्यापुढं धरला. "नंबर द्या."

"कोणाचा?"

"कल्लप्पाअण्णांचा नको… तुमचा स्वतःचा."