उजव्या खिशातले रिव्हॉल्व्हर

सहा दिवसांपैकी चार दिवस असे घडले: सकाळी रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची कळ, चक्रातल्या दोन घरांमधल्या खाचेत बसवलेला होता, आणि संध्याकाळी तो काडतुसाच्या एका पुंगळीच्या पाठीवर टेकलेला आढळला.

व्हर्ना स्टॉलकपने हे वहीत लिहिले आणि खाली रेघ मारली. एल पासोच्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढल्यामुळे, न समजलेल्या गोष्टीखाली रेघ मारून पुढे जायची तिला सवय होती. पुंगळ्या रिकाम्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेवर तिने रंगाने आकडा घातला होता. चार वेळांपैकी दोनदा घोडा तिसऱ्या आकड्यावर होता, एकदा पहिल्यावर, एकदा पाचव्यावर. त्यात कसलाही क्रम नव्हता.

रिव्हॉल्व्हर तळहातात मावेल एवढे होते. ते हॉलिस ट्रेडवे नावाच्या वृद्ध पशुपालकाचे, आणि त्याआधी त्याच्या दिवंगत भावाचे, वेंडेलचे. जानेवारीत व्हर्नाच्या धाकट्या भावाने, डेल्मरने, आल्पाइन गावातल्या आपल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ते साफ करून दिले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, चाऱ्याच्या दुकानात रांगेत उभा असताना, हॉलिसच्या कोटाच्या खिशातच त्यातून आपोआप गोळी उडाली. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटे गेली.

“मी हातसुद्धा लावला नव्हता,” असे हॉलिस ज्याला त्याला सांगत होता. त्याच्याशी बोलत असलेल्या तिघांनीही तेच सांगितले. गावाने त्यातून दोन निष्कर्ष काढले. काहींच्या मते वेंडेल आपली वस्तू परत मागत होता. बाकीच्यांच्या मते डेल्मरने साफ करताना खाच घासून ठेवली होती, म्हणून घोडा तिच्यात टिकत नव्हता. पहिल्या निष्कर्षाने कोणाचे नुकसान होत नव्हते. दुसऱ्यामुळे मात्र पंचवीस दिवसांत डेल्मरच्या दुकानात एकही बंदूक आली नव्हती. शेरीफने ते रिव्हॉल्व्हर तपासणीसाठी व्हर्नाच्या हवाली केले आणि शनिवारपर्यंत लेखी मत मागितले. मत डेल्मरच्या विरुद्ध गेले, तर प्रकरण सरकारी वकिलाकडे जाणार होते.

खाच घासलेली नव्हती. व्हर्नाने ती भिंगाखाली तीनदा मोजली होती.

“मोजमाप कोण वाचतंय?” डेल्मर म्हणाला. “दोन बोटं गेल्याचं सगळ्यांना दिसतंय. आणि मलाच आता खात्री नाही राहिली, व्हर्ना. रात्री पडल्यापडल्या वाटतं, कानस जरा जास्तच फिरवली असेल.”

“तुझ्या वाटण्याला किती दशांश आहेत?”

“बघ, हे असं बोलतेस म्हणून तुला जेवायला कोणी बोलवत नाही.”

तुलनेची कल्पना तिथेच निघाली. हॉलिसने मुळात डेल्मरला विचारले होते की खिशात काय बाळगू, हे रिव्हॉल्व्हर की डेरिंजर. डेरिंजर म्हणजे एकावर एक दोन नळ्या असलेले आखूड पिस्तूल. त्यात गोळ्या दोनच, पण दणका मोठा, वजन दुपटीहून जास्त. त्याचा घोडा ओढायला व्हर्नाच्या तराजूवर साडेतीन किलोंचा जोर लागला. रिव्हॉल्व्हरला एक किलोसुद्धा लागला नाही. डेल्मरने हॉलिसला हलक्याचा सल्ला दिला होता. म्हणून व्हर्नाने डेल्मरचे जाड कापडाचे जाकीट अंगात घातले, डाव्या खिशात डेरिंजर ठेवले, उजव्यात रिव्हॉल्व्हर, आणि सहा दिवस ती रोजचे व्यवहार करीत हिंडली.

डेरिंजर एकदाही हलले नाही. रिव्हॉल्व्हर चारदा हलले.

तिने ते कपडे धुण्याच्या यंत्राच्या पाठीला बांधून दोन तास हादरवले. ते हलले नाही. ट्रकच्या आसनाखाली ठेवून शेजारच्या मार्फा गावापर्यंत जाऊन आली. हलले नाही. कुलूपबंद खणात ते तीन दिवस स्वस्थ पडून राहिले.

“अंगावर असलं की चालतं, एरवी नाही,” डेल्मर म्हणाला. त्याने आवाज खाली आणला होता, हे दोघांच्याही लक्षात आले. “ऊब लागते त्याला.”

“मग खिसे बदलू.”

पुढचे तीन दिवस रिव्हॉल्व्हर डाव्या खिशात होते. ऊब तीच, चालणे तेच, कापड तेच. घोडा खाचेतून केसभरही सरकला नाही.

डेल्मरने वही वाचली आणि परत केली. “म्हणजे भूत असलंच, तर उजव्या हाताचं आहे म्हणायचं.”

तो विनोद करीत होता. व्हर्नाने मात्र ते वाक्य वहीत उतरवले आणि खाली रेघ मारली.

शुक्रवारी ते पुन्हा उजव्या खिशात आले. दुपारी जेवणापूर्वी हात धुताना तिला आपल्या उजव्या अंगठ्यावर बारीक समांतर रेषा दिसल्या. सहा रेषा. साबणाने त्या गेल्या नाहीत, कारण तो मळ नव्हता, दाब होता. तिने भिंग आणले. घोड्याच्या टोकावरच्या दातांमधले अंतर आणि त्या रेषांमधले अंतर एकच भरले.

सकाळपासूनचे तिला सगळे आठवत होते. टपालकचेरीतली रांग, तिथल्या बाईने सांगितलेली मुलीच्या लग्नाची हकिगत, वाऱ्यात आपटणारे दार.

खिशात हात घातल्याचे तेवढे आठवत नव्हते.

शनिवारी अकरा वाजता हॉलिस काठी टेकत डेल्मरच्या दुकानात आला. सोबत लर्लीन बॅस्कम होती. चाऱ्याचे दुकान तिचेच, त्यामुळे गावभर झालेली बातमीही तिचीच.

“मिस व्हर्ना, लोखंडाला प्रश्न विचारून झाले का?” हॉलिस म्हणाला. “काय म्हणालं ते?”

“आता तुम्हाला विचारायचंय, मिस्टर ट्रेडवे.”

तिने चक्र रिकामे असल्याचे दोघांना दाखवले, घोडा खाचेत बसवला आणि ते हॉलिसच्या कोटाच्या उजव्या खिशात ठेवायला दिले. मग त्या दिवसाची हकिगत पहिल्यापासून सांगायची विनंती केली.

“पन्नासदा सांगितली असेल!”

“त्यातली मी एकदाही ऐकली नाही.”

हॉलिसला एवढे पुरे होते. काठी टेबलाला लावून त्याने सुरुवात केली. कुंपण मोडून पळालेला बैल, शेजाऱ्याची मुजोरी, बैल शेजारणीच्या अंगणात कसा सापडला. लर्लीन हसू लागली. डेल्मरही हसला. दोघेही हॉलिसच्या तोंडाकडे पाहत होते.

व्हर्ना पाहत नव्हती.

खिशातून टक् असा आवाज आला.

लर्लीनचे हसू थांबले. हॉलिसचा चेहरा उतरला.

“ऐकलंत?” तो कुजबुजला. “हेच! वेंडेल आहे तो. मी कुठे काय केलं?”

“मिस्टर ट्रेडवे, तुमचा उजवा हात कुठे आहे?”

“हा काय, काठीवर.”

काठी टेबलाला टेकलेली होती. तिच्यावर हात नव्हता.

हॉलिसने खाली पाहिले. त्याचे मनगट खिशात शिरलेले होते. तो त्या मनगटाकडे पाहत राहिला.

तो पाहत असतानाच पुन्हा टक् झाले.

“थांबव की रे ते,” लर्लीन म्हणाली.

“थांबवतोय,” हॉलिस म्हणाला.

अखेर व्हर्नानेच त्याचे मनगट धरून हात बाहेर काढला. अंगठ्यावर सहा रेषा होत्या.

मग डेल्मरने श्वास सोडला, इतका लांब की महिनाभर कोंडून ठेवला असावा. तो टेबलामागून बाहेर आला आणि त्याने बहिणीला जमिनीवरून उचलले.

“खाली ठेव मला, गाढवा.”

“नाही ठेवणार! खाच घासली नव्हती मी! अगं, घासली नव्हती!”

“पोरा,” हॉलिस म्हणाला. त्याने टेबलाला टेकलेली काठी हातात घेतली. “मी तुझं नाव खराब केलं. उद्या चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभा राहून सांगतो.”

“उद्यापर्यंत कशाला थांबायचं?” लर्लीनने टोपी उचलली. “मी आत्ताच निघाले. आणि डेल्मर, माझी शॉटगन अडकते रे. सोमवारी आणते. माझ्या मेहुण्याच्याही दोन आहेत.”

ती गेल्यावर व्हर्नाने शेरीफसाठी कागद घेतला आणि उभ्यानेच मत लिहिले:

‘शस्त्र निर्दोष. दुरुस्ती निर्दोष. डेरिंजरचा घोडा जड असल्याने खिशात हलत नाही. या रिव्हॉल्व्हरचा घोडा हलका असून अंगठ्याखाली नेमका येतो. तो किंचित ओढताच चक्र सरकते, आणि सोडताच घोडा खाचेऐवजी काडतुसावर येतो. निसटल्यास गोळी उडते. कारण: बाळगणाऱ्याचा स्वतःचा हात. तो खिशात गेल्याचे बाळगणाऱ्यास कळत नाही.’