भूमितीचा तास आणि पाच-दहाची गाडी

“बाई, पाच-दहाची गाडी पाच-दहालाच सुटती. पाच-अकराला हितं नुसता चिखल राहतोय!”

एस.टी.च्या दारात उभा राहून कंडक्टर मला हे ऐकवत होता. आणि मी? एका हातात छत्री, दुसऱ्या हातात निऱ्या, काखेत आठवीच्या फॉर्मांचा गठ्ठा, अशी पौडच्या स्टँडवर धावत होते. त्याने हात पुढे केला. मी तो मुद्दामच धरला नाही. दांडी धरून चढले, पाय घसरला आणि सरळ त्याच्या तिकिटाच्या पेटीवर आपटले. तिकिटं खाली, फॉर्म तिकिटांवर...

“हात धरला असता तर ह्ये झालं नसतं,” तो खाली वाकून म्हणाला.

“गाडी अर्धं मिनिट थांबली असती तरी झालं नसतं.”

“थांबलीच की... तुमच्यासाठी!”

त्याने मान वर केली. भुवईवर पावसाचा एक थेंब लोंबत होता, आणि तो हसत होता. मला राग आला. खरं सांगायचं तर ते हसणं मला आवडलं, याचाच राग आला.

सत्तर सालचा जून होता. मी हसिना मुलाणी, धरणाजवळच्या माले गावची, वय तेवीस. अब्बा धरणावर शिपाई. पुण्यात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहून बी.एस्सी., बी.एड. झाले आणि नुकतीच पौडच्या शाळेत गणिताची बाई म्हणून लागले होते, तीही एका वर्षापुरती. सकाळ-संध्याकाळ एस.टी.चा प्रवास, आणि संध्याकाळच्या गाडीला कायम हाच कंडक्टर, अन्वर आतार.

“माले एक?” तो रोज विचारायचा.

“नाही, मुंबई एक.”

“मुंबईला जाऊ नका, बाई. मला डूटी मिळायची न्हाई तितली!”

मी खिडकीबाहेर बघत ओठ दाबून धरायची. पुढच्या सीटवरच्या गोजराबाई, दूध घालून परतणाऱ्या म्हाताऱ्या, मागे वळून आम्हाला आळीपाळीने न्याहाळायच्या.

पण माझं सगळं चित्त त्या फॉर्मांत अडकलं होतं. त्या वेळी मॅट्रिक अकरावीला असे, पण खरा फैसला आठवीतच व्हायचा. फॉर्मवर दोन चौकटी असत. एक बीजगणित-भूमितीची, दुसरी साध्या अंकगणिताची आणि सोबत गृहशास्त्रासारख्या सोप्या विषयाची. दुसऱ्या चौकटीत खूण केली की सायन्स, डिप्लोमा, सगळं तेराव्या वर्षीच बंद. आणि हे पोरांना कुणी धड सांगतही नसे.

हेडमास्तर हैबतराव मारणे सरांनी मला बोलावून घेतलं. “पंधरा नावं आली तरच बीजगणिताची तुकडी उघडायची, बाई. नाही आली तर तुकडी नाही, आणि मग तुमची जागाही नाही. शनिवारी यादी द्या.”

अकरा मुलगे तयार होते. धरणाकडच्या गावांतल्या सगळ्या मुलींनी मात्र दुसऱ्या चौकटीत खूण केली होती. वर्गातली सगळ्यात हुशार रत्ना, तिनेसुद्धा! मी तिला धरलं.

“गणिताची भीती वाटते?”

“मला?” ती चिडलीच. “बाई, मला ओव्हरसियर व्हायचंय. धरणावर टेप लावून मोजत्यात ना, तसं.”

“मग खूण इथे का केलीस?”

“बीजगणिताचा तास पाच ते साडेपाच हाय. गाडी पाच-धाला सुटती. आमी घरला कसं जायाचं?”

ते वेळापत्रक मी रोज बघत होते, त्याच गाडीने रोज घरी जात होते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सरांकडे गेले तर त्यांनी हात वर केले. खोल्या पाचच, जादा तास शाळा सुटल्यावरच.

त्या संध्याकाळी मी तिकीट घेतलं आणि पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली.

“अन्वर... गाडी पंचवीस मिनिटं थांबवाल? रोज?”

त्याचं हसू गेलं. “बाई, मी रोजंदारीवर हाय. एक रिपोर्ट झाला की घरी.”

“राहू दे मग. मुलींचं काय एवढं! फुंकतील चुली.”

मी हे मुद्दाम लागेल असं बोलले, आणि ते लागलं. त्याने दांडी घट्ट धरली. मग खालच्या आवाजात म्हणाला, “माझा फॉर्म मास्तरांनी भरला हुता. त्या दिशी मी तापानं पडलो हुतो. मॅट्रिक झालो, इंजिनाचा डिप्लोमा करायचा म्हून पुण्याला गेलो... तितल्या कारकुनानं कागद बघितला आन् परत दिला. भूमिती न्हाई म्हनला.”

मी काही बोलायच्या आत तो पुढे निघून गेला. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवायची ही माझी जुनी खोड, पण त्या दिवशी ते बोट मलाच टोचत राहिलं.

शुक्रवारी तिकीट देता देता तो पुटपुटला, “पोरींची नावं द्या. गाडी थांबल.”

“कशी?”

“तुमी भूमिती बघा. इंजिन आमी बघतो.”

चार मुलींच्या घरी गेले. चारही ठिकाणी एकच प्रश्न, “बाई, गाडीचं काय?” मी ठामपणे सांगत होते, थांबेल. पण मलाच खात्री नव्हती. एक दिवस जरी गाडी निघून गेली, तर या पोरी अंधारात, पावसात पाच कोस चालणार? मग भूमिती राहू द्या, त्यांची शाळाच सुटणार. तरी शनिवारी पंधरा नावांची यादी मी सरांच्या टेबलावर ठेवली.

सोमवारी पाच वाजता तास सुरू केला. फळ्यावर त्रिकोण काढला आणि कान रस्त्याकडे. पाच-दहाला इंजिन घरघरलं. चारही मुलींच्या पेन्सिली थांबल्या. रत्नाने माझ्याकडे पाहिलं... मी खडू इतका दाबला की तो मोडला. आणि घरघर बंद झाली.

खिडकीतून समोरच्या स्टँडवर पाहिलं तर गाडीचं बॉनेट उघडं! गेणबा ड्रायव्हर छत्री धरून उभा, आणि अन्वर रेडिएटरमध्ये डब्याने पाणी ओततोय. जुलैच्या धो धो पावसात म्हणे इंजिन तापलं होतं! गोजराबाईंचा आवाज शाळेपर्यंत आला, “मेल्यांनो, म्हस खोळंबली माजी!” साडेपाचला बॉनेट धाडकन बंद झालं आणि पोरी चिखल उडवत पळत सुटल्या.

मी चढले. त्याचे हात तेलाने काळे झाले होते. मी माझा रुमाल पुढे केला.

“खराब हुईल...”

“होऊ दे.”

“परत देनार न्हाई हं.”

“मागितलाय कुणी?”

नऊ दिवस इंजिन असं वेळेवर तापत होतं. मी दर संध्याकाळी खडू हातात धरून घाबरायची, आणि दर संध्याकाळी तो खिडकीकडे एकदा बघायचा... एकदाच. त्या एका नजरेसाठी माझा दिवस जात होता, हे मला कळून चुकलं होतं. त्याला कळलं होतं का, कोण जाणे.

दहाव्या दिवशी पोरींना घेऊन बाहेर आले तर गाडीशेजारी जीप उभी. तपासनीस साहेब बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते.

“इंजिन थंडगार आहे. कंडक्टर, गाडी का थांबवली?”

“माझी चूक, साहेब,” अन्वर म्हणाला.

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“कुनाच्याच न्हाई.”

साहेबांनी वही काढली. मी गप्प बसले असते तर मला काहीच झालं नसतं. त्याची नोकरी गेली असती, आणि उद्यापासून गाडी पाच-दहाला सुटली असती. मी पुढे झाले.

“मी सांगितलं. हसिना मुलाणी, गणित शिक्षिका. माझं नाव लिहा.” आणि मुलींचं, तासाचं, सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. “शाळेचं पत्र आहे?”

“नाही.”

“मग नुसत्या तुमच्या शब्दावर हा आपली नोकरी धोक्यात घालतो? तुमचा आणि याचा संबंध काय?”

चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती. बिनलग्नाची मास्तरीण आणि कंडक्टर... उद्या सकाळपर्यंत धरणाच्या दोन्ही काठांना ही बातमी पोचणार होती. अन्वर घाईने मध्ये आला. “कायबी संबंध न्हाई, साहेब. बाई पॅसिंजर हायेत. त्यांचं नाव घेऊ नका.”

माझ्या अब्रूसाठीच बोलत होता बिचारा. पण ते “कायबी संबंध न्हाई” मला असं झोंबलं की काही विचारू नका.

“हाय,” मी म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं घासून-पुसून केलेली भाषा त्या क्षणी कुठे गेली, देवाला ठाऊक. “संबंध हाय. आमचं लगीन ठरतंय.”

“ठरतंय?” अन्वरच मोठ्याने म्हणाला.

गोजराबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं बया! आन् ह्येला ठावंच न्हाई?”

साहेबांची पेन्सिल हवेतच थांबली. “कधी ठरलं?”

“आत्ता,” मी म्हणाले. नजर मी हलवली नाही. “यांनी हो म्हटलं तर.”

पुढे रिपोर्ट व्हायचा तो झालाच. अन्वरला महिनाभर घरी बसवलं आणि मग भोरच्या गाडीवर पाठवलं. मारणे सरांनी मला तासभर सुनावलं, पण तुकडी मोडली नाही. साहेबांनीच सुचवल्यावर त्या चाळीस माणसांनी गाडीतल्या गाडीत अर्ज केला, सह्या आणि अंगठे उमटवले, आणि ऑगस्टपासून गाडीची वेळ पाच-चाळीस झाली. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी पाऊस टपावर वाजत होता, पोरी दप्तरं छातीशी धरून उभ्या होत्या, आणि अन्वर माझ्याकडे बघत होता. लांबून नाही, एकदाच नाही... चांगलं डोळे भरून बघत होता.

“काय रे?” साहेब म्हणाले. “लिहू का? लग्न ठरतंय म्हणून?”

“तसं नका लिहू, साहेब,” अन्वर म्हणाला. “ठरलं, म्हून लिहा.”