रोखलेला श्वास

रविवारची दुपार होती. तळघरातल्या एमआरआय विभागात मी एकटीच होते. एका बाईंची तपासणी तेवढी उरकायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांचं पित्ताशय काढायचं होतं, आणि पित्तनलिकेत खडा अडकलाय का, हे सर्जनना आधी बघायचं होतं. तो राहून गेला असता तर जिवावर बेतलं असतं.

बाई सत्तरीच्या, काविळीने पार पिवळ्या पडलेल्या. आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलेलं. बरोबर कुणी नव्हतं. फॉर्मवर नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली होती.

"मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा हं, मावशी."

"चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगत आलेय, बाळ?" त्या हसल्या.

पोटावर श्वास मोजणारा पट्टा बांधून मी त्यांना यंत्राच्या बोगद्यात सरकवलं आणि काचेपलीकडे येऊन बसले. स्क्रीनवर त्यांच्या श्वासाची रेघ वरखाली होत होती. मी माइकचं बटण दाबलं.

"श्वास घ्या... सोडा... रोखा."

रेघ सपाट व्हायला हवी होती. ती हलतच राहिली. संथ, लांब.

चित्रं मात्र काचेसारखी स्वच्छ आली. पांढरीशुभ्र नलिका आणि तिच्या तळाशी वाटाण्याएवढा काळा खडा. श्वास चालू असता तर सगळं पुसट आलं असतं. म्हणजे बाईंनी श्वास रोखला होता. मग हलत काय होतं?

त्यांना बाहेर काढलं. पट्टा नीट होता. त्यांनी माझा हात धरला.

"डोक्यापाशी कुणीतरी श्वास घेत होतं..." त्या हळूच म्हणाल्या. "आधी घाबरले. मग म्हटलं, असू दे. घरी तेवढाही आवाज नसतो."

मी पट्टा सोडवून टेबलावर ठेवला.

त्यांना वॉर्डात सोडून मी खाली आले. स्पिरिटचा वास, यंत्र थंड ठेवणाऱ्या पंपाची टकटक. पट्टा रिकाम्या टेबलावर पडला होता आणि स्क्रीनवर रेघ चालूच होती. यंत्र बिघडलंय, मी स्वतःला समजावलं. तरी बोट बटणावर गेलंच.

"घ्या..." रेघ चढली.

"सोडा..." उतरली.

"रोखा."

रेघ सपाट झाली.

एक मिनिट गेलं. चार गेली. पुढचं 'आता घ्या श्वास' काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी दिवे तसेच ठेवून मी जिना चढले.

सोमवारी बाईंचा खडा निघाला. आठवड्याभरात त्या घरी गेल्या, एकट्याच.

त्याच सोमवारी सकाळी माझा पहिला पेशंट एक तरुण कारकून होता. तपासणी सुरळीत झाली. "आता घ्या श्वास," मी माइकवर म्हणाले. बाहेर काढलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"ताई," त्याने विचारलं, "माझ्याआधी घेतला तो कुणी? केवढा मोठा घेतला..."