परतीचा रकाना

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. स्वप्नाताईने तसं बजावलं होतं. पण आई कसालला मावशीकडे राहिली आहे, घरात मी एकटीच आहे, आणि लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे.

सुट्टीत मी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जाते. स्वप्नाताई तिथली क्लार्क. होड्यांच्या जुन्या वह्या तिने टेक्स्ट फाइलींत टाइप करून ठेवल्या आहेत. एका फेरीची एक ओळ. फेरीचा नंबर, होडीवाल्याचं नाव, निघाल्याची वेळ, गेलेली माणसं, परतल्याची वेळ, परतलेली माणसं, मध्ये स्वल्पविराम. त्या फाइली डेटाबेसच्या टेबलात भरायचं काम माझं. एक आज्ञा दिली की हजारो ओळी एका दमात आत जातात. रकाना रिकामा असलेली ओळ मात्र टेबल घेत नाही. ती वेगळ्या फाइलीत पडून राहते.

"माणसांवांगडा तोंड उघडणस नाय, त्या मशिनीवांगडा तरी बोल गो," ताई मला चिडवते.

बाबाही चिडवायचे. कुणी आलं की मी गप्प होते, म्हणून मला 'शिंपली' म्हणायचे. फक्त तेच म्हणायचे.

आज दुपारी ऑफिसात पंख्याची घरघर होती आणि सुक्या बांगड्यांचा वास. पडद्यावर आकडे आले. एकूण ओळी ६२१४. आत गेल्या ६२१३. नाकारलेली एक.

मी ती उघडली. बाबांचं नाव. तीन वर्षांपूर्वीची तारीख, पहाटे ४:४०, गेलेली माणसं १. पुढचे दोन्ही रकाने रिकामे.

त्यांची होडी देवबागच्या वाळूत सापडली होती, आत जाळं कोरडं. बाबा सापडले नाहीत. आई अजून रात्री दाराला कडी लावत नाही.

ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"रवांदे ती ओळ," ती हळूच म्हणाली. "जो इलो नाय, तेची येळ लिवू नये."

"कित्याक?"

"नये म्हणजे नये."

ती खिडक्या लावायला आतल्या खोलीत गेली. मी त्या एका ओळीकडे बघत होते. सहा हजार फेऱ्या घरी आल्या होत्या. एवढ्या मोठ्या फाइलीत बाहेर राहिलेले बाबा एकटेच.

मी रिकाम्या रकान्यांत लिहिलं. आजची तारीख, संध्याकाळी ७:१०. बाबा दिवेलागणीलाच यायचे. परतलेली माणसं, १. ओळ पुन्हा पाठवली. टेबलाने ती घेतली.

खात्री करावी म्हणून मी ती टेबलात शोधली. तारीख बरोबर. वेळ बरोबर. परतलेली माणसं... २.

फाइलीत १ होता. मी दोनदा पाहिला. पुन्हा पाठवली, तर उत्तर आलं, या नंबरची फेरी आधीच नोंदलेली आहे. पुसायला गेले, पुसेना.

ताईने परत येऊन पडदा पाहिला आणि सरळ मेन स्विच बंद केला. पंखा थांबला. खाली समुद्राचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला.

"कोणाक सांगू नको. आवशीक तर नायच. आणि आज कडी घालून बस."

तीन वर्षांत पहिल्यांदाच मी कडी घातली आहे. देवापुढे दिवा लावला. आता सात वाजून नऊ मिनिटं झाली आहेत. अंगणात वल्हं भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. ओल्या जाळ्याचा वास येतो आहे. पायरीवर पावलं वाजली, ओली... एकाची नाहीत.

"शिंपले गो... आज कडी कित्याक घातलंस?"

आवाज बाबांचाच आहे. मी उठणार आहे. फक्त कडी काढण्याआधी त्यांना एवढंच विचारायचं आहे, की बाबा, तुमच्यासोबत